'ट्रुमन अँड टेनेसी' कानांनी कसा पाहावा

लिसा इमोर्डिनो व्ह्रीलँड या दिग्दर्शिकेचा 'ट्रुमन अँड टेनेसी : ॲन इंटिमेट कॉन्व्हर्सेशन' हा २०२० सालचा माहितीपट जेमतेम दीड तासाचा आहे. त्यात पुस्तकांच्या कपाटासमोर बसून समजावून सांगणारा एकही तज्ज्ञ नाही. निवेदक नाही, चरित्रकार नाही, म्हातारा झालेला शेजारी नाही. मुलाखत घेणारे सोडले तर सगळं बोलणं विसाव्या शतकातल्या दोन अमेरिकन लेखकांचंच आहे: कथा-कादंबरीकार ट्रुमन कपोटी आणि नाटककार टेनेसी विल्यम्स. त्यांची पत्रं, डायऱ्या, लेख, टीव्हीवरच्या मुलाखती. जिथे त्यांचा स्वतःचा आवाज मुद्रित झालेला आहे तिथे तो ऐकू येतो. जिथे फक्त लिहिलेलं उरलंय तिथे कपोटीचे शब्द जिम पार्सन्स वाचतो आणि विल्यम्सचे झॅकरी क्विंटो.

मी मुंबईत डबिंगचं काम करतो. दुसऱ्याच्या ओठांवर आपला आवाज बसवणं हा माझा धंदा आहे, त्यामुळे कुठला आवाज खरा, कुठला उसना, आणि उसना आवाज कुठे प्रामाणिक आहे, हे ऐकायची सवय कानाला लागलेली आहे. शिवाय मी गे आहे. दोन गे लेखकांची चाळीसेक वर्षांची मैत्री, तीही भांडणं, मत्सर, समेट यांसकट, कुणाही तिसऱ्याच्या शेऱ्याशिवाय पडद्यावर ऐकायला मिळणं ही माझ्यासाठी मोठी गोष्ट आहे. म्हणून मित्रमंडळींना हा चित्रपट दाखवताना मी काय तयारी करून घेतो, कुठे थांबतो, काय विचारतो, ते इथे लिहून ठेवतो आहे. एकट्याने पाहणार असाल तरी चालेल, चौघांनी मिळून पाहिलात तर जास्त हाती लागेल.

आधी काय वाचायचं

फार नाही. लोक तयारीच्या नावाखाली चरित्रांचे ठोकळे उघडतात आणि चित्रपट राहून जातो. मी दोनच गोष्टी वाचायला देतो. कपोटीची 'अ ख्रिसमस मेमरी' ही कथा, १९५६ सालची. अलाबामातल्या मन्रोव्हिल गावात नातेवाइकांकडे वाढलेला छोटा मुलगा आणि त्याची साठी ओलांडलेली, मनाने लहान राहिलेली दूरची बहीण, दोघं मिळून नाताळसाठी केक करतात, एवढीच गोष्ट. एका बैठकीत संपते. विल्यम्सचं 'द ग्लास मेनॅजरी' हे नाटक पूर्ण वाचायला जमलं नाही तर निदान टॉमचं सुरुवातीचं आणि शेवटचं स्वगत वाचा. सेंट लुईस शहरातलं कोंदट घर, हट्टी आई, लाजाळू बहीण, आणि सगळं सोडून पळालेला मुलगा.

ही दोनच का, ते चित्रपट सुरू झाल्यावर कळतं. दोघंही अमेरिकेच्या दक्षिणेतले, आणि दोघांच्याही लिखाणाची मुळं घरातल्या एका हळव्या बाईपाशी आहेत. विल्यम्सची बहीण रोझ हिच्यावर १९४३ मध्ये मेंदूची शस्त्रक्रिया झाली, लोबॉटमी. त्यानंतर ती पूर्वीची राहिली नाही. पुढे पैसा आल्यावर त्याने तिची आयुष्यभर सोय केली. ती त्याच्यानंतर तेरा वर्षं जगली. कपोटीला सांभाळणारी सूक हीच त्या कथेतली बहीण. बालपण दोघांनाही सुखाने लाभलं नाही. विल्यम्सचे वडील बुटांच्या कंपनीत फिरते विक्रेते होते, आणि मुलाला 'मिस नॅन्सी' म्हणून हिणवायचे. कपोटीच्या आईला मुलगा बायकी वाटायचा. तिने त्याला लष्करी शिस्तीच्या शाळेत पाठवून पाहिलं. हे आधी ठाऊक असलं की चित्रपटातले बालपणाचे तुकडे ऐकताना एकाचं वाक्य कुठे संपलं आणि दुसऱ्याचं कुठे सुरू झालं यात गोंधळ होतो. तो होऊ द्या. दिग्दर्शिकेने दोघांची वाक्यं शेजारी शेजारी ठेवली आहेत ती याच साठी.

काही तारखा मात्र कागदावर लिहून समोर ठेवा, कारण चित्रपट काळात पुढेमागे जातो. विल्यम्सचा जन्म २६ मार्च १९११, कपोटीचा ३० सप्टेंबर १९२४. म्हणजे साडेतेरा वर्षांचं अंतर. ओळख झाली तेव्हा कपोटी मिसरूड न फुटलेला पोरगा होता आणि विल्यम्सचं नाव अजून व्हायचं होतं. 'ग्लास मेनॅजरी' ब्रॉडवेवर आलं १९४५ मध्ये. 'अ स्ट्रीटकार नेम्ड डिझायर' १९४७. कपोटीची पहिली कादंबरी 'अदर व्हॉइसेस, अदर रूम्स' १९४८. 'कॅट ऑन अ हॉट टिन रूफ' १९५५. 'ब्रेकफास्ट ॲट टिफनीज' १९५८. 'इन कोल्ड ब्लड', कॅन्ससमधल्या एका कुटुंबाच्या खऱ्या हत्याकांडावरचं, पुस्तकरूपाने १९६६. विल्यम्स गेला २५ फेब्रुवारी १९८३ला, न्यू यॉर्कच्या एका हॉटेलात. कपोटी २५ ऑगस्ट १९८४ला, लॉस एंजेलिसमध्ये एका मैत्रिणीच्या घरी. बरोबर अठरा महिन्यांनी.

पहिल्यांदा पाहताना

सलग पाहा. मध्ये थांबवून कुणाला काही समजावू नका. इंग्रजी सबटायटल असतील तर लावा, दक्षिणेकडचे उच्चार आपल्या कानांना सवयीचे नाहीत आणि कपोटी फार बारीक, नाकातून, शब्द लांबवत बोलतो. टीव्हीचा स्पीकर अशा आवाजाची वाट लावतो. साधासाच पण वेगळा स्पीकर जोडा, किंवा एकटे असाल तर हेडफोन. या एका गोष्टीवर मी अडून बसतो. चित्रपट सगळा आवाजांवर उभा आहे, तो टीव्हीच्या पाठीमागून येणाऱ्या गुरगुरण्यात ऐकायचा नाही.

पार्सन्सला आपण 'द बिग बँग थिअरी'मधला शेल्डन म्हणून ओळखतो, क्विंटोला 'स्टार ट्रेक'मधला स्पॉक म्हणून. सुरुवातीची काही मिनिटं डोळ्यांसमोर तीच माणसं येतील. येऊ द्या, ती आपोआप मागे पडतात. दोघंही स्वतः उघडपणे गे आहेत आणि 'द बॉइज इन द बँड' या नाटकात, त्याच्यावरच्या २०२०च्या चित्रपटातही, दोघांनी एकत्र काम केलेलं आहे. त्यामुळे हे शब्द वाचताना त्यांना कुठे थांबायचं ते आतून माहीत आहे असं मला वाटतं. डबिंगमध्ये आम्हाला पहिल्यांदा शिकवतात की नक्कल करू नकोस, श्वास पकड. पार्सन्स कपोटीची लकब सुचवतो आणि सोडून देतो. पूर्ण नक्कल केली असती तर प्रेक्षक हसले असते, आणि कपोटीवर लोक हयातभर हसलेच होते.

दुसऱ्यांदा पाहताना: वही

खरं काम दुसऱ्या वेळी. वहीच्या पानावर उभ्या रेघा मारा आणि चार रकाने करा. पहिल्यात: कोण बोलतंय. दुसऱ्यात: खरा आवाज की नटाचा. तिसऱ्यात: कुणासमोर बोललं किंवा लिहिलं गेलंय, म्हणजे स्वतःशी, मित्राशी, छापण्यासाठी की कॅमेऱ्यासमोर. चौथ्यात: साधारण कुठल्या वयात. सगळी वाक्यं टिपायची नाहीत, जी मनात राहतात तेवढीच. सबटायटल बंद करा. शक्य असेल तिथे काही वेळ डोळेही मिटा, कारण पडद्यावर साठीतला विल्यम्स दिसत असतो आणि वाचलं जात असतं ते कदाचित तिशीतल्या विल्यम्सचं. डोळे उघडे असले की आपण चेहऱ्याचं वय शब्दांना लावून टाकतो.

वही भरत गेली की तिसरा रकाना बोलू लागतो. कॅमेऱ्यासमोरचा कपोटी वेगळा आहे. तो वाक्य फेकतो, थांबतो, हशा येण्याची वाट पाहतो. जॉनी कार्सनच्या टीव्हीवरच्या गप्पांच्या कार्यक्रमात वारंवार जाणारा, आपल्या आवाजाची थट्टा होणार हे आधीच ओळखून तिच्या पुढे एक पाऊल चालणारा माणूस. कॅमेऱ्यासमोरचा विल्यम्सही हसतो, पण त्याचं हसू वाक्याच्या आधी येतं, बोलायच्या आधी दार किलकिलं करून पाहावं तसं. आणि तेच दोघं कागदावर, विशेषतः डायरीत, हसत नाहीत. तिथे भीती आहे, कामाची भीती. आज लिहून होईल का, संपलो का आपण. दोघांचीही ती भीती एकच होती, आणि माझ्या मते या मैत्रीचा गाभा तोच आहे. पार्ट्या, प्रवास, चहाड्या हे सगळं होतंच. १९४९ मध्ये इटलीजवळच्या इस्किया बेटावर कपोटी आणि त्याचा जोडीदार जॅक डन्फी, विल्यम्स आणि त्याचा जोडीदार फ्रँक मर्लो अशी चौकडी जमली होती. पण रोज सकाळी उठून कोऱ्या कागदासमोर बसणं म्हणजे काय असतं हे सांगावं न लागणारा माणूस जवळ असणं, हे दोघांना एकमेकांकडून मिळालं. वहीत पाहा, लिहिण्याबद्दलची वाक्यं कुठल्या रकान्यात जास्त पडतात ते.

मुलाखतींपाशी थांबा

डिक कॅव्हेट आणि डेव्हिड फ्रॉस्ट या दोघांनी घेतलेल्या मुलाखती चित्रपटभर विखुरलेल्या आहेत. दोघांनाही प्रेमाबद्दल, मैत्रीबद्दल, त्यांच्या 'त्या' बाजूबद्दल विचारलं जातं. इथे चित्रपट थांबवा आणि साल सांगा. फ्रॉस्टने विल्यम्सला समलैंगिकतेबद्दल छेडलं ते १९७० मध्ये. त्या वेळी अमेरिकेत एक इलिनॉय राज्य सोडलं तर बाकी सगळीकडे दोन पुरुषांचा शरीरसंबंध हा गुन्हा होता. स्टोनवॉलची दंगल, म्हणजे न्यू यॉर्कच्या एका गे बारवर पोलिसांनी छापा घातल्यावर उसळलेला विरोध, होऊन जेमतेम काही महिने झाले होते. अमेरिकन मानसोपचार संघटनेने समलैंगिकतेला आजारांच्या यादीतून काढलं ते पुढे डिसेंबर १९७३ मध्ये. म्हणजे तो प्रश्न राष्ट्रीय टीव्हीवर, प्रेक्षकांसमोर, अशा माणसाला विचारला जात होता ज्याला कायदा गुन्हेगार आणि डॉक्टर रोगी म्हणत होते. विल्यम्सने लाजत, मिस्कील उत्तर दिलं, पण नाकारलं नाही. १९७५ मध्ये 'मेम्वार्स' या आत्मचरित्रात त्याने उघड लिहिलं.

तो क्षण परत लावा आणि उत्तराऐवजी उत्तराआधीची शांतता ऐका. मुलाखतकाराचा प्रश्न संपतो आणि उत्तर सुरू होतं यामधली जागा. ज्यांनी घरच्या जेवणाच्या ताटावर 'लग्नाचं काय मग?' हा प्रश्न झेललाय त्यांना ती जागा ओळखीची वाटेल. आपल्याकडे ३७७ कलमाबद्दलचा निकाल ६ सप्टेंबर २०१८ला आला. तोपर्यंत ही शांतता आपण सगळ्यांनी पाळलेली आहे.

कपोटीच्या बाबतीत उलट घडतं. त्याने लपवलं नाही, लपवता येण्यासारखं त्याच्याकडे काही नव्हतंच. आवाज, हातवारे, स्कार्फ, पहिल्या कादंबरीच्या मलपृष्ठावरचा तो सोफ्यावर रेललेला, थेट पाहणारा फोटो. ते छायाचित्र १९४८ साली पुस्तकाइतकंच गाजलं. असं जगायला किती बळ लागतं याचा विचार चर्चेत जरूर काढा, कारण कपोटीला 'नखरेल' म्हणून निकालात काढणारा एक तरी जण गटात असतोच.

चित्रपटांचे तुकडे: काय गाळलंय ते शोधा

माहितीपटात या दोघांच्या कृतींवर निघालेल्या हॉलिवूडपटांचे तुकडे येतात. लोक इथे खूश होतात, मार्लन ब्रँडो, व्हिव्हियन ली, एलिझाबेथ टेलर, ऑड्री हेपबर्न. खूश व्हा. मग पुढच्या गोष्टी सांगा, कारण त्या सांगितल्याशिवाय हे तुकडे नुसती सजावट होतात.

त्या काळी हॉलिवूडमध्ये प्रॉडक्शन कोड होता, म्हणजे चित्रपट उद्योगाने स्वतःवर घालून घेतलेली नियमावली. तिच्यात 'लैंगिक विकृती' दाखवायला बंदी होती, आणि समलैंगिकता त्यातच धरली जायची. 'स्ट्रीटकार' नाटकात नायिका ब्लांश हिचा तरुण नवरा ॲलन दुसऱ्या पुरुषाबरोबर तिच्या दृष्टीस पडतो. त्याच रात्री नाचताना ती त्याला तुझी किळस येते असं म्हणते, आणि तो बाहेर जाऊन स्वतःला गोळी घालून घेतो. ब्लांशच्या वेडाचं मूळ तिथे आहे. १९५१च्या चित्रपटात हे कारण गायब आहे, ॲलन फक्त दुबळा, कविता लिहिणारा मुलगा उरतो. 'कॅट' नाटकात ब्रिक दारूत बुडालाय तो मेलेल्या मित्रामुळे, ज्याच्यावर कदाचित त्याचं प्रेम होतं त्या स्किपरमुळे. १९५८च्या चित्रपटात पॉल न्यूमनचा ब्रिक नुसता रुसलेला नवरा वाटतो. विल्यम्सला तो चित्रपट आवडला नाही यात नवल नाही.

'ब्रेकफास्ट ॲट टिफनीज'चं आणखी निराळं. कपोटीच्या पुस्तकातला निवेदक बेनाव आहे, हॉली गोलाइटलीचा शेजारी आणि मित्र, आणि तिला मिळवण्यासाठी धडपडत नाही. शेवटी ती निघून जाते आणि परत येत नाही. १९६१च्या चित्रपटात तोच शेजारी देखणा नायक झाला आणि शेवट पावसात चुंबनावर आला. कपोटीला हॉलीच्या भूमिकेत मेरिलिन मन्रो हवी होती, तेही झालं नाही. एका पुरुषाची आणि एका बाईची, प्रेमसंबंधाच्या बाहेरची घट्ट मैत्री हा पुस्तकाचा विषय होता, तोच पडद्यावर मावला नाही.

एक जोडकाम सुचवतो. 'कॅट ऑन अ हॉट टिन रूफ' आणि १९६७चा 'इन कोल्ड ब्लड' हे दोन्ही चित्रपट एकाच दिग्दर्शकाचे, रिचर्ड ब्रुक्सचे. आधी मित्राच्या नाटकाला कात्री लावणारा माणूस नऊ वर्षांनी कपोटीच्या पुस्तकाशी किती इमानाने वागला ते पाहा. कॅन्ससमधल्या ज्या घरात १५ नोव्हेंबर १९५९ला क्लटर कुटुंबातले चौघं मारले गेले, त्याच घरात चित्रीकरण केलं, तेही कृष्णधवल. तोपर्यंत नियमावली मोडकळीला आली होती. तुकडे पाहताना सालांवर लक्ष ठेवा म्हणतो ते एवढ्यासाठी.

सगळ्यात नाजूक जागा

मैत्रीत घाव घातला कपोटीने. 'आन्सर्ड प्रेयर्स' ही त्याची गाजावाजा झालेली, कधीच पूर्ण न झालेली कादंबरी. तिचं 'ला कोत बास्क, १९६५' हे प्रकरण 'एस्क्वायर' मासिकात नोव्हेंबर १९७५च्या अंकात छापून आलं, आणि न्यू यॉर्कच्या ज्या श्रीमंत मैत्रिणींनी त्याला घरचा मानलं होतं त्यांची गुपितं त्यात उघडी पडली. ज्या माणसाने १९६६ मध्ये प्लाझा हॉटेलात काळ्या-पांढऱ्या पोशाखांचा तो प्रसिद्ध नाचसोहळा दिला होता, त्याच्यासाठी दारं बंद झाली. पुढच्या वर्षी आलेल्या दुसऱ्या प्रकरणात त्याने मिस्टर वॉलेस नावाचा एक नाटककार रंगवला: सुजलेला, व्यसनी, घाणेरड्या खोलीत कुत्र्यासह राहणारा, पैसे देऊन माणसं बोलावणारा. वाचणाऱ्या कुणालाही कळत होतं की हा टेनेसी आहे. विल्यम्सला ते लागलं, खोल लागलं.

हे गटाला सांगा, आणि सांगून इथेच थांबू नका. १९८० मध्ये कपोटीचं 'म्यूझिक फॉर कमेलियन्स' हे पुस्तक आलं. अर्पणपत्रिका पाहा: टेनेसी विल्यम्स. आणि विल्यम्स गेल्यावर कपोटीने त्याच्यावर एक आठवणींचा लेख लिहिला, तो छापून आला तेव्हा कपोटीचं स्वतःचंही वर्षाहून कमीच आयुष्य उरलं होतं. चित्रपट पाहताना दोघांनी एकमेकांबद्दल काढलेले उद्गार वहीत एकाखाली एक लिहा. बोचरे आणि प्रेमाचे वेगळे करू नका. एकाच पानावर राहू द्या. कपोटीने टेनेसीत जे जे ओंगळ म्हणून रंगवलं, गोळ्या, दारू, एकाकी हॉटेलखोल्या, ते सगळं तोवर त्याच्या स्वतःच्या दारात येऊन उभं होतं. माझं वाचन असं आहे की तो मित्राला चितारत असताना आरशापासून तोंड फिरवत होता. तुमचं वेगळं असू शकेल, त्यावर भांडा.

चर्चा कशी चालवायची

ठाण्याला एका मित्राच्या घरी आम्ही हा चित्रपट पाहिला तेव्हा त्याची आईही येऊन बसली. संपल्यावर तिने मला विचारलं, "का रे, हे दोघं एकमेकांचे कोण होते म्हणायचे?"

"मित्र, काकू. जोडीदार दोघांचे वेगळे होते."

"नुसते मित्र?"

"नुसते कसे म्हणायचे? जन्मभराचे."

काकूंचा प्रश्न सगळ्यांच्याच मनात असतो, म्हणून तो सुरुवातीलाच घ्या. कपोटीने स्वतः सांगून ठेवलंय की ही बुद्धीची मैत्री होती, लोकांना मात्र दुसरंच काही वाटायचं. दोन गे पुरुष एकत्र दिसले की ते जोडपंच असणार हा समज अजूनही आहे. हा चित्रपट तो समज शांतपणे मोडतो.

दुसरा प्रश्न जास्त जपून हाताळावा लागतो. शेवटी दोघंही व्यसनांत गेले. विल्यम्स साठच्या दशकभर गोळ्या, दारू आणि इंजेक्शनांच्या अमलाखाली होता, १९६९ मध्ये भावाने त्याला सेंट लुईसच्या मनोरुग्ण विभागात भरती केलं. कपोटीचीही शेवटची वर्षं तशीच गेली. कुणीतरी उसासा टाकून म्हणतं, अशा माणसांचं असंच होतं. तिथे गप्प बसू नका. त्यांना फ्रँक मर्लोबद्दल सांगा. १९४८पासून पुढची दहाबारा वर्षं तो विल्यम्सच्या घरात होता. याच काळात 'द रोझ टॅटू' झालं, 'कॅट' झालं, 'सडनली, लास्ट समर', 'स्वीट बर्ड ऑफ यूथ', 'द नाइट ऑफ द इग्वाना' झालं. 'रोझ टॅटू'ची अर्पणपत्रिका सिसिलीच्या बदल्यात फ्रँकला अशी आहे, कारण मर्लोचं घराणं सिसिलीचं आणि ती भूमी विल्यम्सला त्याने दाखवली. मर्लो १९६३ मध्ये फुप्फुसाच्या कर्करोगाने गेला आणि विल्यम्स कोसळला तो त्यानंतर. पुरुषावर प्रेम केल्याने तो मोडला नाही. ते प्रेम होतं तोवर तो सर्वांत चांगलं लिहीत होता. जॅक डन्फी तर कपोटीच्या आयुष्यात १९४८पासून शेवटपर्यंत राहिला. 'इन कोल्ड ब्लड' अर्पण केलंय ते डन्फीला आणि बालमैत्रीण हार्पर लीला, जी कॅन्ससला त्याच्यासोबत गेली होती. ही नावं उच्चारली गेली पाहिजेत.

गटात कुणी व्यसनातून बाहेर पडत असेल तर आधी सांगून ठेवा की उत्तरार्ध जड आहे. मोठ्या हॉलमध्ये, तिकीट लावून किंवा न लावता, जाहीर खेळ करायचा असेल तर हक्कदारांची परवानगी लागते. घरच्या बैठकीला चालतं म्हणून कॉलेजात चालतं असं नाही.

नंतर काय

मराठी नाटकवाल्यांसाठी एक दुवा हाताशी आहे. 'स्ट्रीटकार'चं मराठी रूप विजय तेंडुलकरांनी केलं, 'वासनाचक्र'. ग्रंथालयात मिळालं तर माहितीपटानंतर आठवड्याभरात वाचा, ब्लांशची ॲलनबद्दलची कबुली येते तो प्रसंग काढून. १९५१च्या चित्रपटाने जे गाळलं ते नाटकात कसं उभं राहतं ते आपल्या भाषेत कानावर पडेल.

इंग्रजी जमत असेल तर 'कॅट'ची छापील प्रत घ्या. विल्यम्सने तिसरा अंक दोनदा लिहिला, एक स्वतःच्या मनाप्रमाणे आणि एक ब्रॉडवेसाठी दिग्दर्शक एलिया कझानच्या सूचनेवरून, आणि दोन्ही एकाच पुस्तकात छापले. पण माझं सांगणं दुसऱ्या अंकापुरतं आहे. ब्रिक आणि त्याचा बाप बिग डॅडी यांचा लांब प्रसंग, जिथे बाप मुलाला स्किपरबद्दल विचारतो आणि मुलगा संतापतो. तो दोघांनी मिळून मोठ्याने वाचा. वाचणाऱ्यांपैकी एक जण तरी घरी असा प्रश्न विचारला गेलेला असावा. बापाची वाक्यं त्याला द्या.